पुराव्याचं वाळवण

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात पावसाळ्याच्या तोंडावर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, मी मूळची गुहागरची. आमच्याकडे मे महिना म्हणजे आमसुलं. सोलं मीठ घातलेल्या रसात भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. आई एकेक सोल चिमटीत दाबून बघायची. ‘ओल राहिली तर बुरा येईल गो,’ म्हणायची. पुढे माझं सगळं आयुष्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेलं, आणि त्यातला मोठा भाग याच ओलीशी झगडण्यात गेला.

१९८३ साली मी कामाला लागले तेव्हा सगळी भिस्त रक्तगटांवर होती. गट जुळला नाही तर माणूस वगळता येई. जुळला तरी ‘हाच तो’ म्हणता येत नसे. आणि वगळण्यातही एक मेख होती. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळाच रक्तगट नोंदवला, त्याला जगभर ‘बॉम्बे’ म्हणतात. आपल्या कोकणपट्टीत तो तुलनेनं जास्त आढळतो. या माणसाकडे ए किंवा बी गटाचं जनुक असू शकतं, पण ज्यावर तो गट उभा राहतो तो ‘एच’ नावाचा पायाच रक्तात नसतो. साध्या चाचणीत तो ओ दिसतो. आता असा बाप ओ, आई ओ आणि मूल ए निघालं, तर त्या बाईच्या वाट्याला काय येईल? मूल त्याचंच असतं. एचची चाचणी न करता पितृत्वाच्या वादात मत द्यायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले.

सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचे ठसे सापडले. त्यांच्या तंत्राचा खुनाच्या तपासात पहिल्यांदा उपयोग झाला, तेव्हा आधी सुटला तो एक निरपराध. सतरा वर्षांच्या मुलानं एका खुनाची कबुली दिली होती. डीएनएनं दाखवलं की तो तो नव्हेच. खरा गुन्हेगार नंतर सापडला. हे वाचलं त्या दिवशी ही विद्या आपल्याला यायलाच हवी असं मी ठरवलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतल्या एका तुकड्यावरून १९८८ मध्ये देशी तंत्र उभं केलं. साप आणि खून, कुठून कुठे! पण विज्ञान असंच चालतं.

सुरुवातीच्या तंत्रांना डाग मोठा लागे. डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं पीसीआर तंत्र आल्यावर थेंबभरही पुरू लागला. आज आपण डीएनएवरच्या ठरावीक जागा बघतो, जिथे चार-पाच अक्षरांचा शब्द पुन्हा पुन्हा येतो; तो किती वेळा येतो ते माणसागणिक बदलतं. पण त्या जागेचा तुकडा अखंड हवा. ओल असली की जिवाणू आणि बुरशी वाढतात, पेशीतली विकरंही डीएनए कापत सुटतात. सुंभाची दोरी कुजते तसं होतं, आधी लांब तुकडे जातात, मग आखूडही.

एका जुलैत आपल्याच बाजूच्या तालुक्यातून एक सदरा आला. रक्तानं माखलेला, ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला, आणि वाटेत तीन आठवडे पडून राहिलेला. पिशवी उघडली तर काळी-हिरवी बुरशी. आम्ही चार वेळा प्रयत्न केला. अहवालात एकच ओळ गेली, ‘डीएनए मिळाला नाही.’ त्या ओळीनं ना कुणाला पकडता आलं, ना कुणाला सोडवता आलं. पिशवी बांधणाऱ्यावर माझा राग नव्हता. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ते शिकवणं आमचं काम होतं.

तेव्हापासून मी दर मे महिन्यात पोलीस ठाण्यांत जायला लागले. सांगणं सोपं होतं: कपडा सावलीत वाळवा, कडक उन्हातले अतिनील किरण डीएनएचं नुकसान करतात. प्रत्येक कपड्याखाली वेगळा कोरा कागद अंथरा, झडलेलं त्यातच गुंडाळा. हातमोजे घाला. वाळलं की कागदी पाकिटात भरा. प्लॅस्टिक घाम धरतं. आमसुलांची गोष्ट काढली की मागच्या बाकावरचेही हसून माना डोलवायचे, कारण प्रत्येकाच्या घरी तेच चाललेलं असे.

पुढच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला फोन आला. त्याच तालुक्यातले एक हवालदार. ‘मॅडम, सदरा कोठडीशेजारच्या खोलीत दोरीवर घातलाय. पाऊस लागलाय, वाळत नाहीये. पंखा लावू का?’

‘लावा,’ मी म्हटलं, ‘पण झोत भिंतीकडे ठेवा. सदऱ्यावर नको.’