कॉइलच्या कव्हरखाली काय साचतं?

(दृश्य : कापणी झालेलं शेत. खुंटांवरून फिरणारी कॉइल. संगीत नाही, फक्त आवाज.)

ऐका. खर्र... टक्. खर्र... टक्.

खर्र म्हणजे मेटल डिटेक्टरच्या कॉइलचं, दांडीच्या टोकाला असलेल्या चपट्या तबकडीचं, बूड वाळलेल्या खुंटांवरून घासतंय. मधला टक् म्हणजे दगड. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला हा आवाज इतका सवयीचा झालेला असतो, की तो त्याला जाणवतही नाही. कानाला हेडफोन, सगळं लक्ष बीपकडे. खाली झीज चालूच असते.

जरा हिशोब करू. दोन सेकंदांना एक झोका आणि झोका मीटरभराचा, एवढंच धरा. तासाला १,८०० झोके, म्हणजे १,८०० मीटर. चार तास शोध घेतला तर कॉइल सात किलोमीटरहून जास्त फिरते, आणि त्यातला बराचसा भाग जमिनीला घासत जाते. वाळूतला क्वार्ट्‌झ मोहस्‌च्या मोजपट्टीवर ७ कठिणतेचा, काचेवरसुद्धा चरा उठवणारा. त्याच्यापुढे प्लास्टिकचा काय निभाव लागणार?

(दृश्य : टेबलावर कव्हर आणि कॉइल शेजारी-शेजारी.)

हे कॉइलचं कव्हर. काठ वर वळलेली उथळ थाळीच म्हणा. दोन-तीन मिलिमीटर जाड, कॉइलच्या बुडाला दाबून बसवायची. यात धातूचा कण नाही, सर्किट नाही. आणि एवढ्याशा वस्तूवरून डिटेक्टरवाल्यांमध्ये चांगलीच जुंपते. एक म्हणतो, कव्हराशिवाय कॉइल जमिनीला लावूच नका. दुसरा म्हणतो, काढून फेका, त्याच्यामुळेच मशीन उगाच ओरडतं.

मी कव्हर लावतो. पण दुसऱ्याची तक्रारही खरी आहे, आणि ती का खरी आहे हे समजल्याशिवाय कव्हर लावण्यात अर्थ नाही.

(दृश्य : जुन्या, फुटलेल्या कॉइलचा आडवा छेद. कॅमेरा अगदी जवळ.)

आधी आत काय आहे ते बघू. ही बाहेरची कवची, बहुतेक कॉइलांत एबीएस प्लास्टिकची. आत तांब्याच्या बारीक तारेची दोन वेटोळी. एक जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं, दुसरं परत येणारा क्षीण प्रतिसाद टिपतं. कारखान्यात ही दोन वेटोळी अशी बसवतात, की जवळपास धातू नसताना पहिल्याचा परिणाम दुसऱ्यावर जवळजवळ शून्य व्हावा. हा तोल फार नाजूक असतो. वेटोळं केसभर सरकलं तरी बिघडतो. म्हणून इपॉक्सी, म्हणजे सुकून टणक होणारा चिकट राळेसारखा पदार्थ, ओतून तारा पक्क्या करतात.

आणि आतल्या अंगाला हा काळपट थर दिसतो? ग्रॅफाइटसारख्या वाहक पदार्थाचा लेप आहे. ओलं गवत कॉइलला घासलं की तारा आणि ते गवत यांच्यातली विद्युत धारिता, म्हणजे वीजभार साठवायची क्षमता, बदलते आणि मशीन फसतं. हा लेप ते अडवतो. आता बाहेरचं प्लास्टिक झिजत-झिजत या लेपापर्यंत गेलं, किंवा दगड लागून केसाएवढी चीर पडून पाणी आत गेलं, तर काय होईल ते सांगायला नको. दव पडलेल्या सकाळी मशीन वेड्यासारखं वाजायला लागतं. वेळेत लक्षात आलं तर इपॉक्सीने चीर बुजवता येते, पण ओल तारांपर्यंत पोचली की दुरुस्ती सहसा जमत नाही, नवी कॉइलच घ्यावी लागते. डिटेक्टरमध्ये महागड्या भागांपैकी हा एक. कव्हर त्यामानाने किरकोळ.

म्हणजे कव्हर लावायचं कारण सरळ आहे. झिजायचं ते कव्हर झिजू दे.

(दृश्य : हवेत धरलेली कॉइल. फूटपट्टीच्या कडेने तिच्यापासून हळूहळू लांब जाणारं नाणं.)

यावरचा पहिला आक्षेप : मशीन जितक्या खोलवरची वस्तू टिपतं, ती खोली कमी होते.

होते. कव्हर तीन मिलिमीटर जाड असेल तर कॉइल जमिनीपासून तीन मिलिमीटर वर राहते, आणि तेवढी खोली जाते. प्लास्टिक स्वतः चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, फक्त अंतर वाढवतं. अंतराला इथे फार किंमत आहे हे मात्र खरं. वस्तू लहान आणि कॉइलच्या आकारमानापेक्षा बरीच लांब असेल, तर प्रतिसाद अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पटीने क्षीण. म्हणून मिलिमीटरासाठी भांडणारे अगदीच चूक नाहीत.

पण आता हे बघा.

(दृश्य : शोध घेणाऱ्याचा झोका बाजूने, संथ गतीत. दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते.)

मध्यभागी कॉइल जमिनीलगत आहे. डाव्या टोकाला? तीन बोटं वर. उजव्या टोकाला तेवढीच. बहुतेकांचा हात असाच चालतो, झोपाळ्यासारखा. दुपारी हात दुखायला लागला की आणखी वर जातो. तीन मिलिमीटरांवर वाद घालणारे आपण प्रत्येक झोक्याला दोन्ही टोकांवर पाच-सहा सेंटिमीटर सोडून देत असतो. उलट कव्हर असलं की कॉइल खरवडेल ही धास्ती राहत नाही, माणूस ती निर्धास्तपणे जमिनीला टेकवून फिरवतो. मला तर कव्हर लावल्यावर खोलवरच्या वस्तू जास्त सापडतात, त्याचं कारण हेच असावं.

खोलीचा आक्षेप मी इथेच सोडतो. खरा प्रश्न पुढे आहे.

(दृश्य : कृष्णधवल चित्र. एकोणिसाव्या शतकातली खोली, पलंग.)

त्यासाठी थोडं मागे जाऊ. २ जुलै १८८१. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली आणि ती नेमकी कुठे आहे हे डॉक्टरांना कळेना. टेलिफोनमुळे नावारूपाला आलेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं नवं उपकरण घेऊन आले. दोन वेटोळी, त्यांचा तोल आणि कानाला लावलेला टेलिफोनचा रिसीव्हर. आजच्या डिटेक्टरचा पूर्वजच तो. बेल यांनी दोनदा प्रयत्न केला, गोळी सापडली नाही. गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे त्यांना मागाहून कळलं. डॉक्टरांनी शोध मुख्यतः उजव्या बाजूलाच घेऊ दिला आणि गोळी डावीकडे होती, हेही होतंच. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले.

ती पोलादी तारांची गादी मला नेहमी आठवते. कॉइलच्या जवळ काय आहे, हे तुम्हाला माहीतच नसेल तर हेडफोनमध्ये काय ऐकू येतंय याचा अर्थ लागत नाही.

(दृश्य : कव्हर काढलं जातं. आतून माती सांडते. पांढऱ्या कागदावर.)

आणि कॉइलच्या सगळ्यात जवळ काय असतं? कव्हराच्या आत शिरलेली माती.

ही माझ्याच कव्हरातली. तीन-चार दिवस मी ते उघडलं नव्हतं. मशीन मधूनच चिरकत होतं. मी संवेदनशीलता कमी केली, ग्राउंड बॅलन्स पुन्हा केला, फ्रिक्वेन्सी बदलून पाहिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी दमून खाली बसलो, सहज कॉइलवर टिचकी मारली, तर आतून वाळू सरकल्याचा आवाज आला.

(दृश्य : प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक कागदावरच्या मातीवरून फिरतं.)

हे बघा. चुंबक पिशवीत घालून फिरवलं की काळे कण उभे राहून चिकटतात. पिशवी उलटी केली की सुटतात. ही काळी वाळू, मॅग्नेटाइट, लोहाचं ऑक्साइड. खडकात असतंच, पाण्याबरोबर नदीकाठाला आणि समुद्रकिनाऱ्याला येऊन साचतं. ग्राउंड बॅलन्स करताना आपण मशीनला सांगतो, की खालच्या जमिनीचा हा आवाज आहे, याच्याकडे दुर्लक्ष कर. पण तीच वाळू जमिनीत न राहता कॉइलच्या पोटाला लागून बसली, तर?

यातली एक गंमत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. माती आत घट्ट बसलेली असेल तर मशीन बरेचदा गप्प राहतं. आजचे बहुतेक डिटेक्टर हालचालीवर चालतात, कॉइलबरोबरच फिरणारी, न बदलणारी वस्तू ते गाळून टाकतात. मात्र पिनपॉइंट करायला, म्हणजे वस्तूची नेमकी जागा हेरायला गेलं की तीच घट्ट माती आडवी येऊ शकते. आणि ती सुटी असेल, झोक्यागणिक डावीकडून उजवीकडे घरंगळत असेल, तर तिची हालचाल मशीनला जमिनीतल्या वस्तूसारखी वाटते. दुपारपर्यंत शांत असलेलं मशीन एकाएकी बडबडायला लागतं ते बरेचदा यामुळे. सकाळची ओली माती वाळते, सुटी होते आणि हलायला लागते.

समुद्रकाठी हे आणखी वाढतं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार, म्हणून ते विजेचं बऱ्यापैकी वाहक. कव्हरात खारं पाणी डुचमळत असेल तर प्रत्येक झोक्याला बीप.

शंका आली की सोपी परीक्षा करा. कॉइल जमिनीपासून उंच धरा, आसपास धातू नको, मनगटावरचं घड्याळसुद्धा. हळू हलवा, तिरकी करा, हाताने थोपटा. हवेतसुद्धा वाजतेय? मग सेटिंगला हात लावायच्या आधी कव्हर उघडा.

(दृश्य : पाण्यात कंबरेपर्यंत उभा माणूस. कॉइल पाण्याखाली.)

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. कॉइल पाण्याखाली नेली की कव्हराखाली हवा अडकते आणि ती कॉइलला वर ढकलते. मग ती खाली दाबून धरावी लागते. थोड्या वेळाने हवा निघून पाणी भरतं. पाण्याबाहेर आलात की तेच पाणी आणि त्यातली वाळू दांडीच्या टोकाला लटकते, कोपरापासून जवळजवळ मीटरभर लांब. तिथे दोनशे ग्रॅम वाढले तर संध्याकाळी खांदा सांगतो. काहीजण कव्हराला बारीक भोकं पाडून निचरा करतात. पाणी निघून जातं, पण त्याच भोकांतून बारीक वाळू आत येते. मला तो उपाय पटलेला नाही. दिवसभर पाण्यातच राहणार असाल, खाली मऊ वाळू असेल, तर कव्हर घरी ठेवा. खडकाळ तळ असेल तर मात्र लावा.

काठाला फटच ठेवायची नाही, असाही मार्ग आहे. साधी विजेची चिकटपट्टी काठावरून फिरवली तरी कोरड्या शेतात काम भागतं. चंदेरी, ॲल्युमिनियमची पट्टी चुकूनही नको, तो धातूच आहे. तसंच कार्बन फायबरचं घरगुती कव्हर बनवू नका. ते हलकं असतं, मजबूत असतं आणि वीज वाहून नेतं. काहीजण सिलिकॉन सीलंटने काठ कायमचा बंद करतात. स्वच्छ, पूर्ण कोरड्या कॉइलवर केलं तर उत्तम टिकतं. ओल आत राहिली असेल तर तीही कायमची बंद होते. पुढे काढायचं झालंच तर नायलॉनचा पातळ दोरा काठातून करवतीसारखा ओढायचा.

(दृश्य : पाण्याची परात. अंगठ्याने कव्हराची कड धुणारा हात.)

मी सीलंट लावत नाही. परतल्यावर कव्हर काढतो. काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका, काठ फुटतो; लाकडी चमच्याचं टोक पुरतं. गोड्या पाण्यात दोन्ही धुतो. माती नेमकी त्या वळलेल्या काठाच्या खाचेत बसते, म्हणून अंगठा तिथून गोल फिरवायचा, खरखर लागायची थांबेपर्यंत. मग दोन्ही वेगवेगळी, सावलीत, पूर्ण कोरडी. पाच मिनिटांचं काम आहे.

(दृश्य : खिडकीपाशी उजेडासमोर धरलेलं जुनं कव्हर.)

हे माझं आधीचं कव्हर. उजेडासमोर धरलं की कळतं, पुढच्या कडेला ते किती पातळ झालंय. इथे बोट ठेवलं तर पलीकडून सावली दिसते. ही आरपार चीर एका दगडाची.

आणि ही त्याखालची कॉइल. बुडावरची अक्षरं अजून बोटाला उठावदार लागतात.