स्टेथोस्कोप जरा गळ्यातच राहू द्या

वॉर्डात नवीन आलेला विद्यार्थी लगेच ओळखू येतो. पेशंट खाटेवर नीट टेकलाही नाही, तोवर याचा स्टेथोस्कोप छातीवर. आज सकाळी तुमच्यातल्या एकीला मी विचारलं, "नाडी किती?" ती म्हणाली, "सर, मॉनिटरवर ९२ आहे." अहो, पेशंटचा हात तुमच्या हातात होता!

तर नाडीपासून सुरुवात करू. तीन बोटं ठेवा, अंगठा नको, नाहीतर स्वतःचीच नाडी मोजाल. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची खोड आपल्या सगळ्यांना आहे. नाडी नियमित असेल तर खपून जातं. ठोके वेडेवाकडे, कशालाही ताल नाही असे पडत असतील, तर पूर्ण मिनिट मोजायचं. मग एकाने छातीवर ऐकून आणि दुसऱ्याने मनगटावर, एकाच वेळी. छातीवर ११० आणि मनगटावर ८८ आले, तर मोजणाऱ्याची चूक समजू नका. काही ठोके इतक्या घाईने पडतात की हृदय भरायला वेळच मिळत नाही, आणि त्यांची लाट मनगटापर्यंत येत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरतात तेव्हा, हे दिसतं.

मी हे शिकलो ते तोंडावर पडून. इंटर्न होतो. रात्री तिशीतली एक बाई आली, शेतात मजुरीला जाणारी. धाप लागलेली, हातातल्या चिठ्ठीवर 'दमा'. मी तिला उताणी झोपवून घाईघाईत ऐकलं आणि लिहून टाकलं, 'हृदयाचे आवाज नॉर्मल'. सकाळी सर आले. त्यांनी मिनिटभर तिचं मनगट धरलं, मग म्हणाले, "बाई, जरा डाव्या कुशीला वळा." जिथे ठोका हाताला लागत होता तिथे स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, ठेवून त्यांनी मला ऐकायला लावलं. काही नाही. त्यांनी माझा हात हलकेच सैल केला. मी बेल दाबून धरली होती. दाबली की खालची कातडी ताणली जाते, तिचाच पडदा होतो आणि खालच्या पट्टीतले आवाज गाळले जातात. हात सैल झाला, आणि पलीकडच्या घरात कुणी जातं ओढतंय अशी घरघर ऐकू आली. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, आकसलेली होती. सरांनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?" ती म्हणाली, "आला होता की, त्यातच शाळा सुटली." झडप बिघडली ती त्या तापाने, रुमॅटिक फीवरने.

सरांचे कान माझ्याहून तीक्ष्ण नव्हते. नाडी अनियमित लागली तेव्हाच काय ऐकायचं ते त्यांना कळलं होतं.

आता मान. पेशंटला ४५ अंशांवर टेकवा, मान सैल, चेहरा किंचित डावीकडे. उजव्या बाजूला जी हालचाल दिसते ती शिरेची की धमनीची? धमनी बोटाला ठोका देते. शीर दिसते, पण बोटाला लागत नाही. बहुधा एका ठोक्याला दोनदा लवते, आणि पेशंट उठून बसला की खाली उतरते. छातीच्या हाडावर वरच्या बाजूला एक आडवा उंचवटा लागतो. तिथून शिरेची लहर सरळ उभ्या रेषेत ३ सेंटिमीटरहून वर दिसली, तर हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब वाढलाय. फुकटचा मॅनोमीटर, दाब मोजायचं यंत्र, आहे हा, पण बघतो कोण? उजेड तिरका घ्या, ट्यूबलाइटखाली उभं राहून काही दिसत नाही.

बीपीबद्दल एवढंच: स्वेटरवरून पट्टा बांधू नका, आणि जाड दंडाला लहान पट्टा लावलात तर आकडा खोटा चढतो. आधी पट्टा फुगवताना मनगटाची नाडी कुठे बुडते ते बोटाने पाहा, मग ऐका. काहींमध्ये आवाज मध्येच गायब होऊन खाली पुन्हा सुरू होतात. नुसत्या कानावर विसंबलात तर वरचा आकडा हातचा जातो. तरुण मुलाचं बीपी जास्त आलं, तर मनगट आणि जांघ दोन्हीकडच्या नाड्या एकदम धरून बघा. जांघेतली मागाहून आली, तर महाधमनी वाटेत कुठेतरी अरुंद असू शकते.

पायांकडे तर कुणी फिरकतच नाही. मधुमेही पेशंटचे पाय न बघता केस लिहून आणलीत, तर मी परत पाठवीन. पावलावर, अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधाच्या बाहेरच्या अंगाला एक नाडी आणि आतल्या घोट्यामागे दुसरी. पहिली काही धडधाकट माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही शोधायच्या. चला, दोघादोघांच्या जोड्या करा आणि शेजाऱ्याच्या पायावर शोधा. हो, मोजे काढावे लागतील.