कोणाकडून आलात?

[दृश्य : ठाणे स्टेशन, पश्चिम. संध्याकाळ. सॅटिसच्या पुलावरून उतरणारी गर्दी.]

ठाण्यातल्या माणसाला चांगली मिसळ कुठे मिळते असं विचारा. पत्ता नंतर, आधी तो तुमच्याकडे जरा दयेने बघतो. "मामलेदार माहीत नाही?" तहसील कचेरीजवळची मिसळ, म्हणून मामलेदार. हे नाव तोंडातोंडी इतकं पक्कं झालंय की कचेरीत काम असलेल्यालाही मिसळीची खूण सांगावी लागते. आणि हे सगळं झालं गूगलचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी.

पण आता गाडीतून उतरलेला हा मुलगा ठाण्याचा नाही. तो कुणाला विचारायचा नाही. त्याने चालता चालता फोन काढलाय, 'मिसळ' एवढंच टाइप केलंय. नकाशा आला, नकाशाखाली तीन नावं आली.

तीनच का, आणि हीच का?

गूगल स्वतः याचं उत्तर देतं. आसपासचं दुकान दाखवताना तीन गोष्टी बघितल्या जातात : तुम्ही विचारलं त्याच्याशी त्या दुकानाचा मेळ किती, ते किती लांब आहे, आणि त्याचं नाव किती आहे. पहिल्या दोन गोष्टी कळायला सोप्या. तिसरीसाठी आम्ही स्टेशनपासून दहा मिनिटं चालत नौपाड्यात गेलो.

[दृश्य : स्वयंपाकघर. परातीत भाजलेली डाळ. हातातला झारा. चेहरा दिसत नाही.]

या काकू. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीच्या आधी अनारशाचं पीठ. पंचवीसेक वर्षं घरातूनच विकतात. चित्रीकरणाला त्यांची एक अट होती : चेहरा दाखवायचा नाही आणि नाव घ्यायचं नाही. "तुझा सिनेमा बघून गर्दी झाली तर भाजणी कोण भाजणार? तू येणार आहेस का?"

तेव्हा नावाच्या महिम्यावरची ही गोष्ट नाव न घेता सांगायची आहे.

[दृश्य : लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही. पानांवर हळदीचे डाग.]

काकूंची ही वही. तारीख, माल, वजन, पैसे. आणि शेवटी एक रकाना, त्याच्या डोक्यावर लिहिलंय 'कोणाकडून'. नवीन माणूस दारात आला की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला : कोणाकडून आलात? जुन्या पानांवर उत्तरं अशी आहेत : घंटाळीच्या जोशीबाई. शाळेतल्या मॅडम. वर्तकनगरच्या भिशीतल्या. एका ओळीत तर नुसतं 'त्या उंच बाई' लिहिलंय, आणि त्या कोण हे काकूंना अजून आठवतं.

मग घरात सून आली. ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी, हातात सतत फोन. तिने इन्स्टाग्रामवर खातं काढलं. भाजणी कढईत पडतानाचा एक रील बराच फिरला. लोकांनी बदाम टाकले, कॉमेंटमध्ये "आजीची आठवण आली" लिहिलं. सुनेला वाटलं, आता गूगलवर आपण वर येणार. आठवडा गेला, दोन गेले. 'ठाण्यात भाजणी कुठे मिळेल' असं शोधलं की आपण आपले जिथे होतो तिथेच, दुसऱ्या पानावर.

ऑफिसातल्या ओळखीने एक एसईओवाला भेटला, म्हणजे पैसे घेऊन गूगलवर वर आणून देतो म्हणणारा. महिन्याला इतके लाइक, इतके फॉलोअर, पहिल्या पानाची हमी. तिने तीन महिन्यांचे पैसे भरले. लाइक आले, सांगितले होते तेवढेच आले. गूगल मात्र ढिम्म. जगात कुणीही पहिल्या क्रमांकाची हमी देऊ शकत नाही, असं गूगलच्याच सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. पण त्या सूचना वाचतो कोण.

[दृश्य : संगणकाचा पडदा. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या रेषा.]

इथे थोडं मागे जावं लागेल. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल उभं केलं ते एका साध्या कल्पनेवर. एखाद्या पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली, म्हणजे त्याने त्याला मत दिलं. आणि ज्याला स्वतःला जास्त मतं, त्याच्या मताला वजन जास्त. म्हणजे घंटाळीच्या जोशीबाईंचाच न्याय. त्यांचा शब्द चालतो, कारण त्यांच्याबद्दल चार लोक चांगलं बोलतात.

मतं आली की बोगस मतदान आलंच. लोक दुसऱ्यांच्या ब्लॉगखाली कॉमेंटमध्ये आपल्या लिंक चिकटवत सुटले. म्हणून २००५ साली लिंकवर लावायची एक खूण निघाली, 'नोफॉलो'. अर्थ असा की लिंक आहे, पण हे माझं मत समजू नका. पुढे मोठ्या सोशल मीडियाने बाहेर जाणाऱ्या लिंकवर सरसकट हीच खूण लावली. २०१९ पासून गूगल ही खूण हुकूम न मानता इशारा मानतं, एवढाच काय तो फरक. पोस्टमधल्या लिंकने थेट मत पडेल, ही आशा त्यामुळे मुळातच बारीक.

मग लाइकचं काय? याचा इतिहास जरा गंमतीचा आहे. डिसेंबर २०१० मध्ये गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं शोधयंत्र बिंग, दोघांनीही सांगितलं होतं की ट्विटरवर कोण काय शेअर करतं याकडे आम्ही थोडंफार बघतो. तेव्हा गूगलला ट्विटरचा मजकूर करारानुसार थेट मिळत होता. २०११ मध्ये तो करार संपला. त्याच वर्षी गूगलने स्वतःचं लाइकसारखं 'प्लस वन' बटण आणि गूगल प्लस हे सोशल नेटवर्क आणलं, म्हणजे शिफारशी आपल्याच अंगणात गोळा करायचा घाट घातला. एप्रिल २०१९ मध्ये ते अंगण सर्वसामान्यांसाठी बंद झालं. मधे जानेवारी २०१४ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी व्हिडिओत स्पष्ट सांगितलं : फेसबुक, ट्विटरची पानं आमच्यासाठी इतर पानांसारखीच. कुणाला किती फॉलोअर, किती लाइक, हे क्रमवारी लावताना आम्ही बघत नाही. कारणही व्यवहारी होतं. दुसऱ्याच्या आवारातली गोष्ट. आज आत सोडतील, उद्या दार लावतील. आणि एकदा टिपलेली माहिती शिळी व्हायला वेळ लागत नाही.

तरीही, खूप शेअर झालेली पानं गूगलवर वर दिसतात हे खरं आहे, आणि एसईओवाले हा मेळ तक्त्यात दाखवूनच लाइक विकतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की कावळ्याचा भाव वाढतो. भाजणी खमंग असेल तर ती शेअरही होते आणि शोधलीही जाते. दोन्हींचं मूळ कढईत.

[दृश्य : पुन्हा वही. नंतरची पानं.]

पण मग वहीत एक नवीन शब्द दिसायला लागला. गूगल. कोणाकडून? गूगल. दुसऱ्या दिवशी, पुन्हा गूगल. सुनेने नकाशावर दुकानाची नोंद केली होती, तिथे कुठल्या शब्दांनी शोधून लोक येतात ते दिसतं. त्यात 'भाजणी' फारसं नव्हतंच. बहुतेक लोक काकूंच्या नावानेच शोधत होते. कुणी मराठीत, कुणी रोमन लिपीत, आणि रोमन लिपीत तर एकाच नावाचे पाच अवतार.

ज्याला नाव माहीत आहे त्याला ते आधी कुणीतरी सांगितलेलं असणार. काकूंच्या परवानगीने आम्ही त्यातल्या काही जणांना फोन केले. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "बाळंतिणीला चालेल असं मेतकूट कुठे मिळेल?" आणि एका बाईंनी फक्त नाव लिहिलं होतं. पत्ता नाही, नंबर नाही, लिंक नाही.

तो ग्रुप गूगलला दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप कुलूपबंद असतात. रीलखालचे बदाम गूगल मोजत नाही. पण ते नाव वाचून त्या रात्री कुणी मानपाड्याहून, कुणी कासारवडवलीहून गूगलवर टाइप केलं, काकूंच्या नोंदीवर बोट ठेवलं, फोन लावला. हे मात्र गूगलच्या दारात घडलं. २०२३ साली अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला, त्यात गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांच्या साक्षीतून 'नॅवबूस्ट' नावाची यंत्रणा बाहेर आली. काय शोधल्यावर लोक कशावर क्लिक करतात, याचा १३ महिन्यांचा हिशेब ती वापरते. ही पण एक वहीच. फक्त तिच्यात 'कोणाकडून' हा रकाना नाही.

मग त्यातल्या काहींनी परीक्षण लिहिलं. गूगलवर परीक्षणांची संख्या आणि तारे दोन्ही जमेस धरले जातात. ठाण्याच्या खाण्यावर लिहिणाऱ्या एकीने ब्लॉगवर लिंकही दिली. ही मात्र मत धरली जाणारी लिंक. पैसे भरून जे झालं नाही ते एका मेतकुटाच्या चौकशीने हळूहळू झालं.

हळूहळू, आणि मधे एक अडथळाही आला. इमारत पुनर्विकासाला गेली. काकू भाड्याने पाचपाखाडीत. नकाशावर पत्ता बदलायचा राहिला, आणि दोन महिने लोक पत्र्यांच्या कुंपणासमोर उभे राहून फोन करत होते. एकाने रागाने एक तारा दिला. "भाजणीला नाही रे, पत्र्यांना दिला," काकू म्हणतात. पत्ता नीट नसेल तर अंतराचाच हिशेब चुकतो. शिफारस कितीही असो, गूगल माणसाला जुन्याच दारात नेऊन सोडणार.

[दृश्य : राम मारुती रोड. खाण्याचे व्हिडिओ काढणारी मुलं, हातात फोन, दुसऱ्या हातात वडापाव.]

आता शिफारस हाच धंदा असलेल्यांकडे येऊ. एक तरुण काकूंकडे आला होता. फॉलोअर भरपूर. एक किलो गोडा मसाला आणि वर पैसे, मग "मला अचानक सापडलेलं घर" असा रील. काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. अचानक सापडलेलं, आणि आधी पैसे?

यावर कायदा आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसेच नव्हे, फुकटचा माल, फुकटचं जेवण मिळालं असेल तरी ते ठळकपणे सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. म्हणजे मिसळीची एक प्लेट फुकट खाल्ली, तरी 'जाहिरात' हा शब्द पडद्यावर हवा. या रस्त्यावर फिरताना तो शब्द आम्हाला किती वेळा दिसला, हे न सांगितलेलं बरं. परीक्षणांसाठीही नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं मानक आलं. आणि परीक्षणाच्या बदल्यात सवलत देणं गूगललाही मान्य नाही. 'पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या' ही काउंटरवरची पाटी म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

अजून एक बदल. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील सुरू केले. आज अनेक मुलं खायची जागा गूगलवर शोधतच नाहीत, तिथेच शोधतात. जुलै २०२२ मध्ये गूगलचे प्रभाकर राघवन यांनीच एका परिषदेत सांगितलं होतं, त्यांच्या पाहणीत जेवायची जागा बघणारी जवळपास ४० टक्के तरुण मंडळी टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामवर जातात. आणि जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांचे सार्वजनिक फोटो, व्हिडिओ गूगलच्या निकालात येऊ शकतात. मधली भिंत दोन्हीकडून खाली येतेय.

सुनेने त्यातून एकच धडा घेतला. पूर्वी ती रीलखाली "चवच न्यारी" लिहायची. आता लिहिते, "उपवासाची भाजणी, पाचपाखाडी, ठाणे." शोधणारा माणूस "चवच न्यारी" कशाला शोधेल?

[दृश्य : दार. बेल वाजते. पिशवी घेतलेला एक तरुण. कॅमेरा फक्त वहीवर.]

आम्ही आवराआवर करत होतो तेव्हा हा मुलगा आला. अर्धा किलो भाजणी. काकूंनी वही उघडली, चष्मा लावला.

"कोणाकडून आलात?"

"गूगलवर बघितलं, काकू."

काकूंनी पेन रकान्यावर टेकवलं, पण लिहिलं नाही.

"ते झालं रे. पण त्याच्या आधी?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "रूममेटची आई."

काकूंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "त्या कुठल्या?"