विम्बल्डनची दर्शनबारी

नमस्कार. टेनिसवर जीव असलेल्या समलिंगी माणसानं विम्बल्डन कसं पाहावं, यावर आज बोलायचं आहे. घरी बसून कसं पाहावं, प्रत्यक्ष जाऊन कसं पाहावं, आणि पाहताना मनात काय असावं, असं सगळंच. पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत फक्त सेंटर कोर्टाकडे, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टाकडे, बघत राहिलात तर आपल्या माणसांचे बरेचसे सामने हातून निसटतील, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आपली माणसं बहुधा बाहेरच्या छोट्या कोर्टांवर खेळतात, बऱ्याचदा दुहेरीत. वेळापत्रक वाचता येणं हे या भक्तीतलं निम्मं काम.

पण आधी त्या हिरवळीची ओळख करून घेऊ.

२० जुलै १९३७. सेंटर कोर्टावर डेव्हिस चषकाची, म्हणजे देशांच्या संघांमधल्या स्पर्धेची, आंतरविभागीय अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध जर्मनी, बरोबरी २-२. निर्णायक सामना अमेरिकेचा डॉन बज आणि जर्मनीचा गॉटफ्रीड फॉन क्राम यांच्यात. फॉन क्रामनं पहिले दोन सेट ८-६, ७-५ असे घेतले, बजनं पुढचे दोन ६-४, ६-२ असे परत घेतले. पाचव्या सेटमध्ये फॉन क्राम ४-१ असा पुढे होता आणि तो सेट बजनं ८-६ असा जिंकला. फॉन क्राम समलिंगी होता. त्या लढतीत जर्मन संघाला मार्गदर्शन करायला बिल टिल्डन होता, १९२०, १९२१ आणि १९३० चा विम्बल्डन विजेता. तोही समलिंगी. त्या काळातले दोन मोठे समलिंगी टेनिसपटू एकाच दिवशी एकाच कोर्टापाशी होते, एक खेळत होता आणि दुसरा त्याच्या बाजूनं बसला होता.

मार्च १९३८ मध्ये नाझी राजवटीनं फॉन क्रामला, पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५ खाली पकडलं आणि तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर १९३९ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबच्या स्पर्धेत त्यानं बॉबी रिग्जला ६-०, ६-१ असं हरवलं आणि ती स्पर्धा जिंकली. थोड्याच दिवसांनी विम्बल्डन सुरू झालं, तेव्हा फॉन क्राम त्यात नव्हता. एकेरी रिग्जनं जिंकली. फॉन क्राम १९३५, १९३६ आणि १९३७ अशी सलग तीन वर्षं तिथं अंतिम फेरीत हरला होता. चौथी संधी त्याला मिळाली नाही. पुढे १९४६ मध्ये टिल्डनला अमेरिकेत एका अल्पवयीन मुलाबाबतच्या गुन्ह्यात अटक झाली आणि १९४७ मध्ये तो तुरुंगात गेला. विक्रमांच्या यादीत यातलं काही सापडत नाही. म्हणून सेंटर कोर्टाच्या आत पहिल्यांदा पाऊल टाकाल तेव्हा क्षणभर थांबा आणि या दोघांची नावं मनात घ्या, एवढी विनंती.

स्त्रियांची वाटही सोपी नव्हती. १९८१ मध्ये एका खटल्यामुळे टेनिसपटू बिली जीन किंग यांचं एका स्त्रीशी असलेलं नातं जगासमोर आलं आणि जाहिरातींचे करार बघता बघता गेले. त्याच वर्षी मार्टिना नवरातिलोव्हा यांच्याबद्दल वर्तमानपत्रात छापून आलं. त्यानंतर १९८२ ते १९८७ अशी सलग सहा वर्षं त्यांनी विम्बल्डनची एकेरी जिंकली. एकूण नऊ एकेरी विजेतेपदं. शिवाय २००३ ची मिश्र दुहेरी, लिअँडर पेसच्या साथीनं. त्या विजेतेपदानं किंग यांच्या विसाव्या विम्बल्डन विजेतेपदाशी त्यांची बरोबरी झाली. आपल्याकडे पेसचं नाव निघालं की हा सामना आठवतो, पण त्याच्या जोडीला कोण होतं हे फार थोडे सांगतात. फ्रान्सची अमेली मॉरेस्मो १९९९ मध्ये १९ वर्षांची असताना मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी, आपल्या मैत्रिणीबद्दल उघड बोलली, तेव्हा तिच्या शरीरावरून टोमणे मारले गेले. सात वर्षांनी, २००६ मध्ये, तिनं विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जस्टिन एनाँला २-६, ६-३, ६-४ असं हरवलं.

जुलै २०१८ मध्ये बेल्जियमच्या ॲलिसन व्हान ओइटव्हांकनं दुसऱ्या फेरीत गतविजेत्या गार्बिन्ये मुगुरुसाला हरवलं आणि प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या जोडीदाराचं, टेनिसपटू ग्रीट मिनेनचं, जाऊन चुंबन घेतलं. ते चित्र जगभर फिरलं. पुढच्याच आठवड्यात, १० जुलैला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात कलम ३७७ ची सुनावणी सुरू झाली. पुढच्या वर्षी त्या दोघी विम्बल्डनला एकत्र दुहेरी खेळल्या. आताच्या खेळाडूंत मूळची रशियाची दारिया कासात्किना आहे. जुलै २०२२ मध्ये ती उघडपणे बोलली आणि २०२५ पासून ऑस्ट्रेलियाकडून खेळते. पुरुषांत खेळत असताना उघड बोलणारे अजून मोजकेच. ब्राझीलच्या जोआव लुकास रेइस दा सिल्वानं डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या जोडीदाराबरोबरचं छायाचित्र टाकलं.

आता वेळापत्रकाकडे वळू. मुख्य ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी निघतो. १२८ नावं, ३२ मानांकित. तो कागदावर छापून घ्या, मोबाइलच्या पडद्यावर अख्खा ड्रॉ एका नजरेत येत नाही. आपल्या खेळाडूंच्या नावांवर खूण करा आणि प्रत्येकाच्या वाटेत पहिला मानांकित कुठल्या फेरीत येतो ते बघा. एकेरीची पहिली फेरी साधारण सोमवार-मंगळवारी विभागलेली असते. दुहेरी त्यानंतर सुरू होते आणि पाऊस पडला की सगळ्यात आधी तीच मागे ढकलली जाते. दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक लंडनच्या संध्याकाळी निघतं, म्हणजे आपल्या रात्री. झोपण्याआधी ते बघून ठेवा.

भारतीय वेळ काढायला लंडनच्या वेळेत साडेचार तास मिळवा. बाहेरची कोर्टं सकाळी ११ ला सुरू होतात, आपल्याकडे दुपारचे साडेतीन. नंबर १ कोर्ट साडेपाचला, सेंटर कोर्ट संध्याकाळी सहाला. छत असलेल्या दोन कोर्टांवर रात्री ११ पर्यंत खेळ चालू शकतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. बाहेरच्या कोर्टांवर प्रकाशझोत नाहीत. अंधार पडला की सामना उद्यावर जातो, आणि रजा टाकलेल्या माणसाचा दिवस वाया जातो. म्हणून 'तिसरा सामना' किंवा 'चौथा सामना' असं लिहिलेल्या लढतीच्या भरवशावर एकाच दिवसाची रजा टाकू नका.

प्रत्यक्ष जायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली सोडत. म्हाडाच्या घरांसारखीच, आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास अर्ज भरायचा आणि वाट बघायची. दिवस किंवा कोर्ट निवडता येत नाही. एका घरातून एकच अर्ज चालतो. एकत्र राहणाऱ्या जोडप्यानं एकाच पत्त्यावरून दोन अर्ज केले तर दोन्ही बाद होऊ शकतात, तेव्हा कोणाच्या नावानं भरायचा ते आधी ठरवा. लागली तर तिकिटं दोन मिळतात आणि ती दुसऱ्याला देता येत नाहीत. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे एप्रिल महिना त्यासाठी मोकळा ठेवायचा.

दुसरी वाट रांगेची. आषाढी वारीच्या दिवसांतच ही रांग लागते. २०२५ मध्ये शनिवारी, ५ जुलैला लंडनचा प्राइड मोर्चा होता, रविवारी ६ जुलैला आषाढी एकादशी, आणि तो विम्बल्डनचा मधला शनिवार-रविवार. पंढरपूरची दर्शनबारी पाहिलेल्या माणसाला या रांगेचं वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

डिस्ट्रिक्ट लाइननं साउथफील्ड्स स्टेशनवर उतरायचं. रांग लागते ते विम्बल्डन पार्क तिथून पंधरा मिनिटांच्या चालीवर. रांगेच्या शेवटी उभं राहिलं की तारीख आणि क्रमांक असलेलं रांगेचं कार्ड मिळतं. तेच तुमची जागा. सेंटर, नंबर १ आणि नंबर २ या कोर्टांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रांगेतल्यांसाठी असतात. सेंटर कोर्टाची मात्र शेवटच्या चार दिवशी नसतात. बाकीच्यांना मैदानाचा पास. सेंटर कोर्ट हवं असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून तंबू लावावा लागतो. बाहेरच्या कोर्टांवरचे आपले खेळाडू बघायचे असतील तर पहाटे पोचलेलं पुरतं, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं. त्या पासावर नंबर ३ पासून १८ पर्यंतच्या कोर्टांवरच्या राखीव नसलेल्या जागा मिळतात. (१३ नंबरचं कोर्टच नाही.) सकाळी आठ-नऊनंतर आलात तर मात्र बाहेर पडणाऱ्या माणसांच्या हिशेबानं आत सोडतात, आणि पहिल्या आठवड्यात त्यात दुपार जाते.

तंबू जास्तीत जास्त दोन माणसांचा. मोठा आणला तर लावू देत नाहीत. रांग सोडून तीस मिनिटांपेक्षा जास्त राहायचं नाही. या नियमानं जागा सहज जाते, कारण माणूस स्टेशनपर्यंत काहीतरी खायला जातो आणि परतीच्या पंधरा मिनिटांचा हिशेब विसरतो. रात्री दहानंतर आवाज नको. शेगडी, चूल, जाळ काही चालत नाही. सकाळी सहाच्या आत स्वयंसेवक उठवायला येतात. तंबू गुंडाळून सामानघरात द्यायचा असतो, तेव्हा पाचला उठलेलं बरं. जुलैतही रात्री चांगलाच गारठा असतो आणि जमिनीतून ओल वर येते. तंबूच्या आत आणखी एक प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर झोपण्याची पिशवी पाठीकडून भिजते. दोन पुरुषांनी एका तंबूत झोपण्याकडे तिथं कोणी वळूनही बघत नाही. शिवाय ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा सेवा देताना असा भेदभाव करायला मनाई करतो.

आत नेण्याची पिशवी माणशी एक, ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या आत. घरचं खाणं चालतं. थालीपीठं, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, काहीही न्या. सांडणारं काही नको. झेंडा दोन फूट बाय दोन फुटांपेक्षा मोठा असेल तर दारातच काढून घेतात, आणि राजकीय मजकुराचे कपडे चालत नाहीत. इंद्रधनुषी रंगाचा बिल्ला किंवा मनगटपट्टी साधी आणि सोयीची. पांढऱ्या कपड्यांचा नियम खेळाडूंसाठी आहे, प्रेक्षकांसाठी नाही.

एक गोष्ट जरा सावकाश सांगतो. या स्पर्धेचं चित्रण सतत चालू असतं, रांगेतही आणि कोर्टावरही, आणि आत शिरताना तुम्ही त्याला संमती दिलेली असते. घरी अजून सांगितलेलं नसेल, तर हे आधी लक्षात घ्या. छोट्या कोर्टांवर पहिल्या दोन रांगा आणि खेळाडूंच्या खुर्च्यांमागची जागा कॅमेऱ्यात हमखास येते. वरच्या रांगेत, कोपऱ्यात बसा. सोबतच्या माणसाशी आधीच बोलून ठेवा की छायाचित्रं कुठे टाकायची आणि कधी. त्याच्या आनंदात तुमचं गुपित फुटायला नको. उघड कधी व्हायचं ते तुम्ही ठरवायचं, क्रीडावाहिनीनं नाही.

प्राइड मोर्चा आणि विम्बल्डन एकाच शनिवारी आले तर दोन्ही साधण्याचा मोह होतो. मोर्चा हाइड पार्क कॉर्नरपासून निघतो. साउथफील्ड्सहून अर्ल्स कोर्टला जाऊन पिकॅडिली लाइन पकडली की तिथं पोचता येतं. पण परत येऊन रांगेत उभं राहणं जमत नाही. मोर्चाच्या दिवशी मोर्चा करा आणि रविवारी पहाटे रांग धरा. २०२२ पासून मधल्या रविवारीही खेळ असतो.

मैदानात असताना सेंटर कोर्टाची वाट पूर्ण बंद नसते. लवकर निघून गेलेल्या प्रेक्षकांची तिकिटं दुपारनंतर थोड्या पौंडांत पुन्हा विकली जातात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. त्याची रांग आता विम्बल्डनच्या ॲपवर लागते. ॲप भारतातून निघतानाच उतरवून, खातं उघडून ठेवा आणि बॅटरी बँक बरोबर घ्या. तंबूत रात्रभर मोबाइल चालवून सकाळी बॅटरी संपलेली माणसं दर वर्षी दिसतात.

आणि एकच दिवस हातात असेल तर कुठला, हा प्रश्न नेहमी येतो. पहिला गुरुवार. एकेरीची दुसरी फेरी चालू असते, दुहेरी सुरू झालेली असते आणि सगळी कोर्टं भरलेली असतात. दार दहाला उघडतं, खेळ अकराला सुरू होतो. तो एक तास खाण्यात किंवा दुकानात घालवू नका. आदल्या रात्री खूण केलेल्या कोर्टावर थेट जा आणि खुर्ची धरा. आत-बाहेर करणाऱ्यांना खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच सोडतात, आणि उठलात की ती खुर्ची दुसऱ्याची. पाणी आणि पुऱ्या मांडीवर असू द्या.