डीएनएची ३० नॅनोमीटरची दोरी: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली, त्यानेच खोडली

[कॅमेऱ्यासमोर. हातात यंत्रमागावरची कांडी, तिच्यावर लाल दोरा.]

नमस्कार. ही कांडी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या कुठल्याही कारखान्यात टोपलीभर दिसतील. दोरा कांडीवर, कांडी धोट्यात, आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे. पेशीत डीएनए कसा गुंडाळलेला असतो हे सोलापुरात सांगायचं तर यापेक्षा सोपं उदाहरण नाही.

पण ते अर्धंच बरोबर आहे. या कांडीवर दोऱ्याचे शेकडो वेढे आहेत. हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यावर डीएनएचे वेढे किती? दोनसुद्धा नाहीत. १.६५. तेवढ्यात १४७ बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, बसतात, मग थोडा मोकळा डीएनए, मग पुढचा गोळा. गोळा आणि वेढे मिळून जे होतं ते न्यूक्लिओसोम: साधारण ११ नॅनोमीटर रुंद, साडेपाच नॅनोमीटर जाड, चपटं, कॅरमच्या सोंगटीसारखं. माणसाच्या एका पेशीत अशी तीन कोटींच्या वर.

[स्क्रीनवर: ६.६ अब्ज बेसजोड्या × ०.३४ नॅनोमीटर = सुमारे २.२ मीटर]

हा हिशेब बारावीत केलेला असतो. आता सगळं एक लाख पटीने मोठं करा. डीएनए शिवणाच्या दोऱ्याएवढा होईल, ०.२ मिलिमीटर जाड. लांबी होईल २२० किलोमीटर, म्हणजे सोलापुरातून पुण्याकडे सोडत गेलात तर उरुळी कांचनच्या आसपास संपेल. आणि १० मायक्रॉनचं केंद्रक होईल एक मीटर व्यासाचा गोल.

इथे सगळे म्हणतात, बापरे, एवढा दोरा एवढ्याशा जागेत! जरा थांबा. या २२० किलोमीटर दोऱ्याचं घनफळ काढा. सात लिटरसुद्धा भरत नाही, एका कळशीत मावेल. आणि एक मीटर व्यासाच्या गोलात पाचशे लिटरच्या वर जागा आहे. म्हणजे जागेची टंचाई नाहीच. टंचाई आहे शिस्तीची. गुंता होऊ न देता हवा तो तुकडा हव्या त्या वेळी सापडला पाहिजे. वार्पिंग, म्हणजे ताणा भरण्याचं काम, करणाऱ्याला विचारा, दोरा मावतो का हा त्याचा प्रश्न नसतो, तुटलेलं टोक सापडेल का हा असतो.

तर प्रश्न असा: न्यूक्लिओसोमच्या या माळेची पुढची घडी कशी पडते? पुस्तकातलं उत्तर आहे ३० नॅनोमीटरची जाड दोरी. ते चित्र कुठून आलं, हे आज बघायचं.

[स्क्रीनवर: १९७४]

अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये एडा आणि डोनाल्ड ओलिन्स या दोघांनी केंद्रकं पाण्यात फुगवून फोडली, बाहेर आलेलं क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि त्याला बांधलेली प्रथिनं, जाळीवर बसवलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो काढला. दोऱ्यात ओवलेले मणी. त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्गने केंब्रिजमधल्या जैवरासायनिक पुराव्यावरून मांडलं की आठ हिस्टोन आणि सुमारे २०० बेसजोड्या हे एक एकक. दोन्ही वाटा एकाच जागी पोचल्या. न्यूक्लिओसोम हे नाव पडलं १९७५ मध्ये.

असा फोटो काढतात कसा? पद्धत साधी आहे, आजही प्रत्येक प्रयोगशाळेत पहिली तपासणी हीच. तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी, म्हणजे ग्रिड, तिच्यावर कार्बनचा पापुद्रा. कार्बन पाण्याला जवळ करत नाही, थेंब नुसता गोळी होऊन बसतो, म्हणून आधी अर्धा मिनिट ग्लो डिस्चार्ज, म्हणजे विजेने भारलेल्या विरळ वायूत ठेवणं. मग ३ ते ४ मायक्रोलिटर नमुना, एक मिनिट थांबा, गाळणकागदाची कड बाजूने टेकवून पाणी ओढून घ्या. वरून नव्हे, बाजूने, नाहीतर पापुद्रा फाटतो. पाण्याच्या एकदोन थेंबांवर धुवा आणि एक ते दोन टक्के युरेनिल ॲसिटेटचा डाग द्या. युरेनियम जड, इलेक्ट्रॉनांना अडवतं. प्रथिनाच्या भोवती ते साचतं आणि काळ्या पार्श्वभूमीवर रेणू पांढरा दिसतो.

पार्श्वभूमीवर काळे खडे दिसले तर सूक्ष्मदर्शकाला दोष देण्याआधी बफर, म्हणजे नमुना ज्या द्रावणात आहे ते, बघा. फॉस्फेट बफर असेल तर युरेनिल फॉस्फेटचा साका बसणारच. हेपेस किंवा ट्रिस बफर वापरा. ग्लिसरॉल राहिलं असेल तर डाग चढतच नाही.

आणि हे लक्षात ठेवा: या पद्धतीत नमुना वाळतो. वाळताना चपटा होतो. बारकावा २० अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे २ नॅनोमीटरच्या, खाली सहसा जात नाही.

[कॅमेरा जवळ.]

आता १९७६. जॉन फिंच आणि ॲरन क्लुग, केंब्रिज. क्रोमॅटिन ०.२ मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे आयन धरून ठेवणारं रसायन) मध्ये ठेवलं की सुमारे १०० अँगस्ट्रॉम जाडीचा सैल धागा. त्यात ०.२ मिलिमोलर मॅग्नेशियम आलं की धागा पिळून ३०० अँगस्ट्रॉमची, म्हणजे ३० नॅनोमीटरची दोरी. त्यांनी नाव दिलं सोलेनॉइड, एका फेऱ्यात साधारण सहा न्यूक्लिओसोम. क्लुगना १९८२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामासाठी आणि न्यूक्लिक आम्ल-प्रथिन संकुलांच्या रचनेसाठी. दोरी पुस्तकात गेली.

प्रयोग चोख होता, यात वाद नाही. परीक्षानळीत ती दोरी आजही तशीच पडते. नंतरची भांडणं दोरी एकेरी पिळाची की नागमोडी, यावर झाली. ती पेशीत आहे का, हा प्रश्न मात्र मागे राहिला. निरीक्षणाच्या शेवटी "मॅग्नेशियम ०.२ मिलिमोलर, विरळ द्रावण" ही जी ओळ असते, ती चित्र छापताना गळते.

पेशीत बघायचं तर वाळवून चालणार नाही. इथे क्रायो, म्हणजे नमुना गोठवून बघणं, येतं. पाणी इतक्या झटक्यात गोठवायचं की बर्फाचे स्फटिक तयार व्हायला वेळच मिळू नये, काचेसारखं घट्ट व्हावं. जॅक द्युबोशे यांनी हे जमवलं, २०१७ च्या नोबेलमध्ये योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासोबत त्यांचा वाटा आहे.

सुट्या न्यूक्लिओसोमसाठी कृती अशी. भोकं असलेल्या कार्बनची ग्रिड, भोक एक-दीड मायक्रॉनचं. ३ मायक्रोलिटर नमुना, साधारण एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. गोठवण्याच्या यंत्राच्या पेटीत ४ अंश सेल्सिअस आणि १०० टक्के आर्द्रता, नाहीतर पातळ थर वाळत जातो आणि मीठ आपोआप वाढतं. टिपकागद तीन-चार सेकंद, आणि लगेच द्रव इथेनमध्ये बुडी. थेट द्रव नायट्रोजनमध्ये का नाही? तो उकळत्या अवस्थेत असतो, ग्रिड पडली की तिच्याभोवती वायूचं वेष्टण होतं आणि गोठणं मंदावतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, तोच प्रकार. म्हणून नायट्रोजनने इथेन थंड करायचं आणि इथेनमध्ये बुडवायचं. इथेन फार थंड झालं तर स्वतःच थिजतं, आणि ते ज्वालाग्राही आहे, जवळपास ठिणगी नको. पुढे ग्रिड उणे १३५ अंशांच्या वर गेली की काच मोडून स्फटिक झालेच.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते दोन ठिकाणी. पहिलं, हवेतली वाफ. ग्रिड डब्यातून डब्यात नेताना उघडी पडली की तिच्यावर बर्फाचे खडे बसतात. मेमधलं कोरडं ऊन तरी बरं, पावसाळी दमट खोलीत, आर्द्रता काढणारं यंत्र नसेल तर अर्ध्या ग्रिड जातात. नायट्रोजनच्या भांड्यावर वाकून बोलायचं नाही, श्वासाचीही वाफच असते.

दुसरं जास्त कपटी. पातळ थरात प्रत्येक रेणू क्षणार्धात, अनेकदा, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो. न्यूक्लिओसोम तिथे उलगडतो, डीएनएची टोकं सुटतात, हिस्टोन निसटतात. जेलवर (रेणू आकारानुसार वेगळे करणारी चाचणी) नमुना सुंदर दिसतो आणि फोटोत नुसते दोरे! उपाय म्हणजे आधीच ०.०५ ते ०.१ टक्का ग्लुटारअल्डिहाइडने हलकं बांधून घेणं. इथे बफरमध्ये ट्रिस चालत नाही, कारण त्याचा अमिनो गट ग्लुटारअल्डिहाइड खाऊन टाकतो. हेपेस घ्या, आणि बांधणी थांबवायची तेव्हा ट्रिस घाला. बांधणी जास्त झाली तर शेजारचे न्यूक्लिओसोमही एकमेकांना चिकटतात. म्हणजे सुटा नमुना वाचवताना नवीनच घडी तयार केली.

फोटोचं थोडक्यात: ३०० किलोव्होल्ट, प्रत्येक चौरस अँगस्ट्रॉमवर ४० ते ६० इलेक्ट्रॉन, त्यापेक्षा जास्त दिले की रेणू जळतो. म्हणून एक फोटो नाही, चाळीसेक चौकटींचा छोटा चित्रपट, आणि काही लाख रेणूंची सरासरी. हे यंत्र आपल्या बाजूला बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्रायो सुविधेत आहे.

[स्क्रीनवर: पेशीचा काप]

सरासरी सुट्या रेणूंची निघते. अख्ख्या पेशीचं काय? पेशी जाड, इलेक्ट्रॉन आरपार जात नाहीत. मग सुमारे २००० बार दाबाखाली गोठवायची आणि उणे १४० अंशांच्या आसपास हिऱ्याच्या सुरीने शंभर नॅनोमीटरपेक्षा पातळ काप काढायचे. काप सुरीच्या दिशेने दबतो, त्याला तडे जातात, हात बसायला वेळ लागतो. पण डाग नाही, वाळवण नाही. द्युबोशे आणि मिखाइल एल्त्सोव यांच्या चमूने २००८ मध्ये हेला पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी) विभाजनातली गुणसूत्रं अशी बघितली. ३० नॅनोमीटरची दोरी दिसलीच नाही. दिसलं ते सलग, दाट, दाणेदार.

मग आधीच्या क्ष-किरण प्रयोगांत ३० नॅनोमीटरची खूण यायची, ती कुणाची? जपानमधल्या काझुहिरो माएशिमा यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की वेगळ्या केलेल्या गुणसूत्रांच्या बाहेर रायबोसोम चिकटून रांगेत बसले होते. ते धुऊन काढले आणि खूण गेली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भारी प्रयोग हा.

२०१७ मध्ये क्लोडा ओ'शे यांच्या प्रयोगशाळेने उलटी वाट धरली: डाग द्यायचा, पण फक्त डीएनएला. डीएनएला चिकटणारा रंग, त्यावर प्रकाश पाडला की ऑक्सिजन क्रियाशील होतो, शेजारचं डायअमिनोबेंझिडीन घट्ट होतं, त्यावर ऑस्मियम बसतं. टोमोग्राफीत, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतल्या फोटोंवरून बनवलेल्या त्रिमितीय चित्रात, दिसली ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची, कमीजास्त होणारी, वेडीवाकडी साखळी. ठरावीक पिळाची दोरी नाही. दाट भाग आणि विरळ भाग एवढाच फरक.

परीक्षानळीत दोरी पडते, पेशीत नाही, असं का? विरळ द्रावणात एका माळेला शेजार नसतो. तिचे मणी चिकटणार तर आपल्याच मण्यांना, म्हणून ती स्वतःभोवती पिळते. केंद्रकात गड्ड्याच्या जत्रेसारखी गर्दी, खांदा कुणाचा कुणाला लागतो. दुसऱ्या माळेचे मणी तितकेच जवळ असतात, त्यामुळे मणी त्यांच्यातही मिसळतात आणि वेगळी दोरी उरत नाही.

अपवाद आहेत. कोंबडीच्या लाल रक्तपेशी आणि तारामाशाचे शुक्राणू, यांच्यात ३० नॅनोमीटरची दोरी खरोखर दिसते. दोन्हीत जनुकं जवळजवळ बंद असतात.

आणि परीक्षेत काय लिहायचं, हा प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच. बारावीला पुस्तकात आहे तेच लिहा, गुण तिथेच आहेत. बीएस्सी-एमएस्सीला एक वाक्य जोडा: ही दोरी कमी क्षारात वेगळ्या केलेल्या क्रोमॅटिनची आहे, बहुतेक पेशींत ती आढळत नाही. आकृतीखाली मॅग्नेशियम किती ते लिहिलंत तर उत्तमच.

[कांडी टेबलावर ठेवतो. दोरा थोडा सुटतो.]