नावं बाजाराची, खडा गारगोटीचा

मंडळी, अकीक, कार्नेलियन, ऑनिक्स, सार्डोनिक्स, मॉस अगेट... खड्यांच्या दुकानात ही नावं भराभर कानावर पडली की वाटतं, प्रत्येक खडा निराळ्याच द्रव्याचा असणार. तसं काही नाही. सगळी सिलिकाच, आपल्या गारगोटीच्याच कुळातली. फक्त तिचे स्फटिक इतके बारीक की साध्या भिंगातूनही दिसत नाहीत. तिला कॅल्सेडनी म्हणतात. तिच्यात पट्टे असले की अगेट, म्हणजे अकीक. पट्टे सरळ नि समांतर असले की ऑनिक्स, त्यांत तांबूस-तपकिरी थर असला की सार्डोनिक्स. पट्टे नाहीत, नुसता नारिंगी-लाल रंग आहे, तर कार्नेलियन. आणि मॉस अगेटला तर पट्टेच नसतात! आतल्या हिरव्या शेवाळी नक्षीवर त्यानं हे नाव मिळवलंय. शास्त्र कुरकुरतं, पण चालतं बाजाराचंच.

ती नक्षी वनस्पतीची नव्हे, बरं का. उत्तर प्रदेशात बांद्याजवळ केन नदीत 'शजर' नावाचा खडा मिळतो. त्यात हुबेहूब झाड दिसतं, फांद्यांसकट. ते झाड लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचं.

आता आपल्या पायाखालचं बघा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि भिंतीपासून आतल्या बाजूला थरावर थर बसत गेले. मधे जागा उरली तर तिथे स्फटिक वाढले. काळा कातळ झिजून माती होतो, अकीक मात्र तसाच राहतो. त्याची कठिणता मोह्सच्या दहापर्यंतच्या मापावर साडेसहा ते सात, सुरीचा ओरखडाही उठत नाही. म्हणून गोदावरीच्या गोट्यांत तो सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचला गाड्यांनी जाणाऱ्या मालात ऑनिक्सची नोंद आहे, आणि मोठ्या प्रमाणावर.

गुजरातेत राजपिपळ्याजवळ रतनपूरला कच्चा अकीक निघतो आणि घडतो खंबायतेला. कारागीर जमिनीत तिरकी लोखंडी पहार रोवतो, तिच्या टोकाला खडा टेकवतो आणि वरून शिंगाच्या हातोडीनं टोला देतो. टोला वरून, पण कपची उडते पहारीच्या बाजूनं. बघायला सोपं वाटतं. हातात घेतलं की कळतं. पुढची घासाई मात्र वाईट. ती धूळ फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. काम घरोघर चालतं, त्यामुळे खडा कधी हातात न धरलेली घरातली माणसंही त्यात सापडतात.

आणि रंग? खाणीतून निघतो तेव्हा यातला बराचसा माल पिवळट, मळकट असतो. तो उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेत तापवतात. आतल्या लोहसंयुगातलं पाणी उडून हेमॅटाइट, म्हणजे लाल लोह-ऑक्साइड, तयार होतं आणि खडा लाल होतो. हडप्पा संस्कृतीचे कारागीरही खडे असेच तापवत. त्यांचे मणी मेसोपोटेमियात, उरच्या राजदफनांत सापडलेत.

जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइननं एकोणिसाव्या शतकात वेगळीच वाट धरली. ब्राझीलचा करडा अकीक साखरेच्या पाण्यात मुरवायचा, मग गंधकाम्लात. छिद्रांतल्या साखरेचा कोळसा होतो आणि काळा 'ऑनिक्स' तयार. घट्ट पट्टे रंग घेत नाहीत, म्हणून पांढरे ते पांढरेच राहतात.

माझं मत विचाराल तर तापवण्याला मी फसवणूक म्हणत नाही. लोह खड्याचंच, आपण फक्त आच दिली. रंगवलेल्यालाही हरकत नाही, पण दुकानदारानं तसं सांगावं नि भावही तसाच लावावा. भडक गुलाबी किंवा शाईसारखी गर्द निळी चकती दिसली, तर ती रंगवलेली समजायला हरकत नाही. भेगांमध्ये रंग गडद साचलेला दिसतो. इथे टेबलावर दोन लाल चकत्या ठेवल्यात; एक तापवलेली, एक रंगवलेली. भिंग शेजारीच आहे. रांगेनं या, आणि आधी भेगा बघा.