पोरगं एमडी घेतंय हे कळल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

नमस्कार. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला. किंमत सांगितली गेली तीनशे कोटींच्या घरात. नाशिक हादरलं, मोर्चा निघाला, आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण ही पूड घेणारी पोरं सिडकोत, सातपूरला, गंगापूर रोडला, आपल्याच सोसायटीत राहतात, आणि त्यांच्या घरचे शेजाऱ्यालाही काही कळू देत नाहीत. आज मला त्या घरांशी बोलायचंय.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पांढरी पूड, बहुतेक जण नाकाने ओढतात. मेंदूत डोपामाइन आणि सेरोटोनिन ही रसायनं एकदम उसळतात, माणूस तरतरीत होतो, बडबड करतो. दोन-चार तासांत सगळं उतरतं, म्हणून एकाच रात्री परत परत ओढलं जातं. मग झोप नाही, जेवण नाही, दात करकर चावणं, नाकातून रक्त, कुणीतरी आपल्या मागावर आहे असा संशय. नंतर दिवस दिवस झोप, चिडचिड, पैशांची मागणी. दारूसारखा वास येत नाही, त्यामुळे आई-वडील कित्येक महिने परीक्षेचं टेन्शन समजून चालतात. त्यात त्यांचा दोष नाही.

कळल्यावर मात्र घरोघरी जे होतं, त्याची मला काळजी वाटते. आधी मार. मग मोबाइल काढून घ्यायचा, खोलीला बाहेरून कडी. 'चार दिवस कोंडलं की सुटेल.'

हे करू नका. नीट ऐका, कारण इथे जीव जाऊ शकतो. पोरगं नेमकं काय काय घेतंय हे तुम्हाला माहीत नसतं. मालेगावात जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे घबराटीवर डॉक्टर देतात ती गोळी. ती रोज भरपूर घेणाऱ्याची एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तरी तेच. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवाव्या लागतात. एमडी सुटताना त्रास वेगळा: मन खोल खचतं, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अशा पोराला कडी लावून एकटं ठेवायचं?

'डॉक्टरकडे नेलं तर केस होईल,' ही दुसरी भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शिवाय १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यातलं कलम ६४अ बघा. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट टाकले तर ते काढून घेता येतं. मोठा साठा बाळगणाऱ्याला ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. हे कलम आपल्याकडे फार कमी घरांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना नोंदणी मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि किती वेळा येतात ते विचारा. रुग्णाला साखळीने बांधणं त्याच २०१७ च्या कायद्याने बंद आहे. 'घरच्यांनी महिनाभर भेटायचं नाही' असं कुणी म्हणालं, तर कारण विचारा, आणि ते पटलं नाही तर पोराला तिथे ठेवू नका.

सुरुवात फोनने करा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. किंवा सरळ सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा. जाताना त्याच्या बॅगेत, कपाटात सापडलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं, सिरपच्या बाटल्या फेकू नका, सोबत न्या. काय आणि किती घेतलं जातंय याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरून येतो, आणि औषध तसं ठरतं.